सरदारीणबाईंचा डावा गाल

थुंकी म्हटलं की लोकांना किळस येते. येऊ दे. जुनं चित्र साफ करायला तिच्याइतकं सौम्य आणि कोमट दुसरं काही नाही, हे मी, उत्कर्षा, वीस वर्षं हेच काम करून सांगते. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. जगभर असंच करतात.

पण सदाशिव पेठेतल्या या खासगी संग्रहालयात जग येत नाही, रविराज येतात. ते ट्रस्टचे अध्यक्ष. भिंतीवरच्या मोत्याच्या नथीतल्या सरदारीणबाई त्यांच्या सख्ख्या पणजी. हे चित्र कॅलेंडरांवर छापतात, शाळांच्या सहली ते बघायला येतात. आणि घरच्यांनी पन्नास वर्षं समोर उदबत्त्या लावून बाईंना पार काळंठिक्कर केलेलं! तीन आठवडे खपून मी त्यांचा उजवा गाल उजळला होता.

त्या दुपारी रविराज लग्नातून जेवून थेट तिथेच आले, आईला घेऊन. मी नेमकी काडी जिभेवर फिरवत होते.

"अहो! आमच्या पणजीला उष्टं लावताय?"

मी शास्त्र समजावलं. ऐकतायत कसले!

"जिन्यातली पाटी वाचली नाहीत? येथे थुंकू नये!"

"थुंकत नाहीये. पुसतेय."

"मग गंगाजल वापरा."

"त्यात काय काय आहे ते आधी तपासून आणा."

"उद्यापासून येऊ नका!"

एक गाल स्वच्छ, एक काळा, अशा बाई आता कायमच्या भिंतीवर राहणार. बघणारे म्हणणार, उत्कर्षानं वाट लावली. पुन्हा कोण मला चित्राला हात लावू देणार? रडूच आलं. पण रविराजांसमोर? छे!

"रवी, इकडे ये," खुर्चीवरून त्यांच्या आई, चौऱ्याऐंशीच्या वेणूबाई, म्हणाल्या. रविराज वाकले. वेणूबाईंनी पदराचं टोक जिभेला लावलं आणि त्यांच्या मिशीवर वाळलेली बासुंदी खसाखसा पुसून काढली. दारातला पहारेकरी छताकडे बघू लागला.

"आईसाहेब! लोक बघतायत!"

"बघू देत. या चित्रातल्या माझ्या आजेसासूबाई. तू रांगायचास तेव्हा तुझं तोंड त्याही अश्शाच पुसायच्या. तेव्हा नाही रे कुणाला उष्टं आठवलं! आता त्यांचं तोंड कुणी पुसतंय, तर तुझं शास्त्र आडवं येतंय होय?"

रविराज बाहेर गेले. मी सामान आवरायला घेतलं. पाच मिनिटांनी ते परत आले, हातात पाण्याचा तांब्या.

"आधी चूळ भरा," माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि बसा. डावा गाल अख्खा राहिलाय."