पाटीवरची लज्जत

मी लज्जत बोलतेय. होय, शब्दच. अरबीत जन्मले, फारसीतून मराठीत आले आणि इथलीच झाले. नुसत्या चवीला लज्जत म्हणत नाहीत. घास जिभेवर पडताच सगळा जीव सुखावतो ना, त्या सुखाचं नाव मी.

टाकव्याच्या नंदाबाईंनी लोणावळ्यात खानावळ काढली, तेव्हा पाटीवर मोठ्या अक्षरांत मला लिहून घेतलं. त्यांच्या काळ्या मसाल्याच्या आमटीचे लोक भुरके मारायचे. मी फुशारून जायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. वास येईनासा झाला, मागोमाग चवही गेली. रांधणारीलाच चव कळत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्या अंदाजानं मीठ-तिखट घालत राहिल्या. सून कोमल सवयीनं चाखून बघायची, म्हणून निभावलं.

ती माहेरी गेली आणि नेमके तळेगावचे बाळभाऊ लेकीला, श्रद्धाला घेऊन जेवायला आले. जुनं गिऱ्हाईक. पहिल्याच घासाला त्यांचा हात थबकला.

"वाढू का अजून, भाऊ?"

"नको मावशी, पोट भरलं. छान झालीय."

ताटं तशीच आत आली. मग नंदाबाईंचे मालक नथूआबा जेवायला बसले आणि घास थुंकून म्हणाले, "अगं, खोबरं खवट हाय! तुला वास न्हाई आला?"

नंदाबाई पदरात तोंड लपवून बसून राहिल्या. बाहेर मी उन्हात झळकत होते. मलाही तोंड लपवावंसं वाटलं, पण शब्दाला पदर नसतो.

कोमल परतल्यावर त्यांनी सारं सांगितलं. "लय लाज वाटतीया, पोरी."

"आत्या, आधी बोलायचं न्हाई का? मी चाखून सांगत जाईन तुमाला."

पुढं बाळभाऊ पुन्हा आले, तेव्हा नंदाबाई स्वतः समोर गेल्या. "भाऊ, माजी चव गेलीया. त्या दिशी तुमाला खवट वाढलं. माफ करा."

बाळभाऊंची मान खाली गेली. "मला कळलं होतं, मावशी. तोंडावर छान म्हणालो आणि परत यायचं नाही असं ठरवून उठलो. आज श्रद्धानं ओढून आणलं."

आता कोमल चाखते आणि नंदाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहतात. "कशी झालीया? नीट सांग." गिऱ्हाइकाकडे मात्र अजून वर मान करून बघत नाहीत.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाच्या हातचं जेवलात, तर चांगलं-वाईट तिच्याजवळच बोला. माझं नाव खोटं घेऊन उठू नका.