शंभर फुटांच्या आत

सुरमल काळेचा बाप जिवंत होता तेव्हा पोलीस ठाणं वस्तीपासून अकरा किलोमीटरवर होतं. आता ते दीडशे फुटांवर आलं होतं.

तालुक्यात कुठंही चोरी झाली की ठाणं पारध्यांच्या वस्तीकडे थोडं सरकायचं. सरकताना कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी उठावं, तर ते कालच्यापेक्षा जवळ. आवारातला लिंब, जप्तीच्या गंजक्या मोटारसायकली, तांबडा-निळा फलक, सगळ्यासकट. शेळी गेली तर पाच-सात फूट. सोनं गेलं तर शेतच्या शेत ओलांडायचं. चोर पुढं सापडला, भलत्याच गावचा निघाला, तरी ठाणं मागं जात नसे. गावाला त्यात वावगं वाटत नव्हतं. पारध्यांच्या उशाला ठाणं असलेलं बरंच, असं लोक म्हणायचे.

सुरमलनं एकदा हवालदार धुमाळांना विचारून पाहिलं होतं. धुमाळ वाईट बोलत नसत. ते दमलेले असत.

"आम्ही जागचे हललो नाही, सुरमल. तुमचीच वस्ती सरकतीय. नकाशा बघ."

नकाशात तसंच होतं.

ज्वारीचा पट्टा ओलांडून ठाणं अलीकडे आलं, तेव्हापासून कोठडीच्या खिडकीतून हिरामणचा खोकला ऐकू यायला लागला. हिरामण म्हणजे सुरमलचा धाकटा भाऊ. चौदा वर्षांमागं एका मंगळसूत्राच्या चौकशीला त्याला नेला आणि तिसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळून परत दिला. जिन्यावरून पडला म्हणाले. ठाण्याला जिना नव्हता. सुरमलनं वर तक्रार केली तेव्हा त्यांनी जिना बांधून दाखवला. नऊ पायऱ्या होत्या आणि वर नुसतं छत. मंगळसूत्र पुढं मालकिणीच्याच पिठाच्या डब्यात सापडलं.

भावाला सुरमलनं स्वतःच्या हातानं पुरलं होतं. पण खोकला त्याचाच होता, शेवटी घसा खाकरायच्या लकबीसकट. हिरामणची बायको गुलाब रोज सकाळी गजांतून ताटली आत सरकवायची. ताटली रिकामी परत यायची. वस्तीत त्यावर कुणी बोलत नसे.

त्या वर्षी सुरमलची मुलगी वनिता जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून निवडली गेली. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि सोबत पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागणार होता. गुरुवारी बापलेक ठाण्यात गेले. चालायला मिनिटही लागलं नाही.

धुमाळांनी अर्ज पुढं ओढला. "राहत्या घराचं ठाण्यापासून अंतर?"

"दीडशे फूट," वनिता म्हणाली. तिनं टेप लावून मोजलं होतं.

"बरं झालं. शंभराच्या आत आलं की माणूस ताब्यात धरतात. ताब्यातल्या माणसाला दाखला देता येत नाही."

"घरात बसलेला असला तरी?"

"घर कुठं आहे त्यावर असतं ते."

"मग आत्ताच द्या की."

"साहेब दौऱ्यावर आहेत. शनिवारी सकाळी अंतर बघू, सही होईल." धुमाळांनी डोळे चोळले. "तोवर काही होऊ देऊ नका."

"आम्ही काय होऊ देतो, साहेब?" सुरमलनं विचारलं.

"तसं नाही म्हणत मी," धुमाळ म्हणाले.

शुक्रवारी दुपारी सरपंचाच्या विहिरीवरची मोटर गेली. मोटर म्हणजे साठ फूट, हे सुरमलला अनुभवानं माहीत होतं. तो बाजेवर बसून राहिला. त्याला राग येत नव्हता. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. बऱ्याच वेळानं त्याला आठवलं की मागं एकदा तो चार महिने ऊसतोडीला गेला, तेव्हा ठाण्यानं वस्तीचा नाद सोडून त्याच्या दिशेनं तोंड फिरवलं होतं. ठाण्याच्या यादीत पहिलं नाव त्याचं होतं.

"ते माझ्या मागं येतं," तो वनिताला म्हणाला. "उद्या उजाडलं की मी चालायला लागतो. तू सही घे."

"किती लांब जाणार, आबा?"

"सही होईस्तोवर."

गुलाब चुलीपाशी होती. ती पाठमोरीच बोलली. "म्हणजे त्यांना पुन्हा नेणार म्हणा की, भावजी."

"पोरीचं बघाया पाहिजे, गुलाब," सुरमल म्हणाला.

सकाळी तिनं पाच भाकऱ्या फडक्यात बांधून त्याच्या हाती दिल्या. "दोन तुमच्या. तीन खिडकीत द्या. डावीकडची खिडकी. मिरची लागते त्यांना, ती आत आहे."

सुरमल डांबरी सडकेला लागला. पहिल्या वळणावर त्यानं मागं पाहिलं, तर वस्ती लांब राहिली होती आणि सडकेच्या कडेला ठाणं उभं होतं, लिंबासकट. वनिता घराच्या दारापासून टेप अंथरत ठाण्याच्या पायरीपर्यंत आली. चारशे दहा फूट. धुमाळांनी आकडा लिहिला, साहेबांनी सही केली. तिनं कागद उंच धरला.

"झालं, आबा! या परत!"

धुमाळ व्हरांड्यातून म्हणाले, "सोमवारी हजर होईपर्यंत अंतर राहिलं पाहिजे. कमी भरलं तर दाखला रद्द."

सुरमलनं मुलीला हातानंच जा म्हणून खुणावलं आणि तो पुढं निघाला. ती तिथंच उभी राहिली. मग पाठ फिरवून पळत सुटली, एसटीच्या थांब्याकडे.

ऊन चढलं. टेकायला सुरमल बाभळीखाली थांबला, तेवढ्यात ठाण्याची सावली त्याच्या पायांवर आली. डावी खिडकी हाताच्या अंतरावर होती. त्यानं भाकऱ्या गजांतून दिल्या. आतून एका हातानं त्या घेतल्या.

"दादा," हिरामण म्हणाला, "कुठं चाललोय आपण?"

"लांब."

"मला चालवत नाही रं."

"तुला नाही चालायचं. तू बस."

आत खोकला उसळला आणि थांबला. "गुलाबला सांगितलंस का?"

"तिनंच दिल्यात भाकरी."

सुरमल उठला. गुडघे वाजले. पुढं हद्दीचा दगड होता. दगडाच्या पलीकडे या ठाण्याची सत्ता चालत नव्हती, तिथवर पोचलं की ते थांबणार होतं. हिरामणही तिथंच थांबणार होता. दगड जवळ येत गेला तसा सुरमल हळू झाला. मागून खोकला आला. मग तो तोंड घट्ट मिटून भराभरा चालला आणि दगड ओलांडून गेला.

पलीकडे, सडकेच्या मधोमध, दुसऱ्या तालुक्याचं ठाणं होतं. अंगणात नुकताच सडा घातला होता. व्हरांड्यातल्या बाकावर एक पोलीसबाई रजिस्टर मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्याला येताना पाहिलं आणि अंग चोरून बाकावर त्याच्यासाठी जागा केली.