धाकटीची तहान

धाकटीच्या शाळेच्या स्कर्टवर इस्त्री फिरवता फिरवता आईचा हात थांबला. कमरपट्ट्याला आतून कुणीतरी कच्च्या हाताने टाके घालून तो दोन्हीकडून चांगला दोन-दोन बोटं आत घेतला होता. गेल्या वर्षी हाच स्कर्ट धाकटीला कमरेत घट्ट होत होता.

आईचा अख्खा दिवस लॉन्ड्रीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात जायचा. कोणाचं पोट सुटलं, कोण वाळलं, हे तिला माणूस न बघताच कळायचं आणि त्यावरून ती मालकिणीशी थट्टाही करायची. आज घरातल्याच कपड्याने ते सांगितलं.

थोरलीचंही असंच सुरू झालं होतं. सात वर्षांची पोर बघता बघता हाडांवर आली. सारखं पाणी प्यायची, रात्री सारखी उठायची. सगळे म्हणाले, उंच होतेय, म्हणून बारीक दिसते. मग एक दिवस तिची शुद्ध हरपली आणि दवाखान्यात कळलं की डायबेटीस आहे, आयुष्यभराचा. पुढची काही वर्षं काही केल्या शुगर ताब्यात येत नव्हती. अशी वर्षानुवर्षं शुगर वर राहिली की मुलांची वाढ मागे पडते, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. आता ती ताब्यात होती, वजनही भरलं होतं, पण पंधरा वर्षांची थोरली बारा वर्षांची वाटायची. दोन वर्षांनी लहान धाकटी तिच्या डोक्यावरून कधीच गेली होती.

आणि गेला महिनाभर ही धाकटी बाटल्याच्या बाटल्या पाणी पीत होती. आईने ते पाहिलं होतं आणि उन्हावर ढकललं होतं. सारखी बाथरूमला जायची, शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी व्हायची. एकेक गोष्ट आठवत गेली तशी आईने इस्त्री उभी करून ठेवली. एकीच्या सुया, एकीची धाकधूक सांभाळताना तिच्या नाकी नऊ आले होते. आता दुसरीलाही? मुलींचे बाबा ट्रकवर, आठवडा-आठवडा बाहेर. त्यांना कळवायला तिने फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. तोंडाने बोललं की खरं होऊन बसेल, अशी तिला भीती वाटली.

थोरलीचं शुगर बघायचं मशीन समोर कपाटातच होतं. एक थेंब रक्त की सोक्षमोक्ष. पण तिने उरलेले कपडे इस्त्री केले, भांडी घासली, मग स्वच्छ ओटा परत पुसला.

संध्याकाळी दोघी घरी आल्यावर मात्र तिने मशीन काढलं आणि धाकटीला हात पुढे करायला सांगितलं. धाकटीने हात पाठीमागे नेला. अधूनमधून सगळ्यांचीच बघायची असते, असं आईने सांगितलं, पण तिला स्वतःलाच रक्ताची पट्टी मशीनमध्ये नीट घालता येईना. थोरलीने दोन्ही वस्तू तिच्याकडून काढून घेतल्या, बहिणीच्या बोटाच्या कडेला टोचलं आणि थेंब पट्टीला लावला. मशीन आकडा दाखवीपर्यंत आईने डोळे मिटून घेतले.

"साठ," थोरली म्हणाली.

आईने तीनशेची तयारी ठेवली होती. डोळ्यांना पदर लावून ती हसायलाच लागली. थोरली मात्र आकड्याकडे बघत उभी होती.

"आई, ही जेवत नाहीये."

"काहीतरीच काय. डबा रोज रिकामा येतो."

"माझी इतकी खाली येते ती इन्सुलिनने. हिला तर इन्सुलिन नाही, काही नाही." ती धाकटीकडे वळली. "पाणी पिऊन पोट भरतेस ना?"

धाकटीने मान डोलावली. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. डबा मैत्रिणी संपवत. घरी, ताईचा भात मोजणं आणि सुई चालू असताना, ती आपल्या ताटातलं पातेल्यात परत टाकायची. तेव्हा तिच्याकडे बघायला कोणाला सवड नसायची.

"पण का गं?" आईने विचारलं.

"जेवलं की उंची वाढते." धाकटीचा आवाज जेमतेम ऐकू आला. "तूच म्हणालीस ना, माझ्या फ्रॉकची दुमड सोडताना. 'आता पुरे कर गं वाढणं, ताईला वाईट वाटतं.'"

आईला ते आठवेना. म्हटलं असेल, दोरा तोडता तोडता, हसत हसत. दिवसभरात तोंडातून काय काय जातं.

थोरलीने दोन ताटं वाढली, आपला भात मोजून घेतला, इन्सुलिनचं पेन काढलं आणि नेहमीसारखी पोटात सुई टोचून घेतली.

"मला आधी टोचून घ्यावं लागतं, मग जेवायला मिळतं," ती धाकटीला म्हणाली. "तुला नुसतं जेवायचंय. बस."

धाकटी खांदे पाडून, अंग चोरून बसली आणि तिने पहिला घास घेतला.

"पोक काढू नकोस. ताठ बस," थोरली म्हणाली.

धाकटी ताठ बसली. बसल्या जागीसुद्धा ती ताईपेक्षा बरीच उंच दिसत होती. आईने ते पाहिलं. थोरलीनेही पाहिलं. मग तिने मान खाली घातली आणि आपला भात कालवायला घेतला.