टॅक्सीचं कारण

"नाव तुम्हीच फोडलंत," बाई बातमीदाराला म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी वर्तमानपत्राच्या अख्ख्या ऑफिसच्या माना वळल्या.

तिचा नवरा बँकेच्या संगणक विभागात होता. सरकार लोकांचे बँकव्यवहार गुपचूप बघतं, ही बातमी त्यानंच या वर्तमानपत्राला पुरवली. काल ती छापून आली. आज सकाळी सरकारी माणसांनी त्याला घरातून उचललं. कुठे नेलं ते कुणी सांगेना.

बातमीदार खुर्चीतून उठला. संपादकांनासुद्धा त्यानं या नावाबद्दल ताकास तूर लागू दिली नव्हती. फोन नाही, ईमेल नाही, भेटायचं ते बागेत. तो शपथेवर सांगत होता, पण बाईचा विश्वास बसेना.

"मग त्यांनी यांना पहिलंच कसं विचारलं, की बागेतून तुमच्या बँक वसाहतीपर्यंतचं टॅक्सीभाडं पेपरनं का भरलं?"

एकदा उशीर झाला म्हणून बातमीदारानं त्याला टॅक्सीनं घरी सोडलं होतं, हे खरं. पण ड्रायव्हरला पैसे त्यानं रोखीनं दिले होते. ड्रायव्हरच फितूर असणार, असं तो म्हणाला.

काचेपलीकडे कॅशियरबाईंनी हे ऐकून हिशेबाचं काम थांबवलं. त्यांचा काटेकोरपणा म्हणजे ऑफिसात चेष्टेचा विषय. टॅक्सीची पावती परतफेडीसाठी त्यांच्याकडेच आली होती. कुठून कुठे, हे त्यांनी विचारलं. घाईत असलेल्या बातमीदारानं सांगून टाकलं. ऑफिसात रोकड ठेवत नसत, म्हणून पैसे बँकेतून त्याच्या खात्यावर पाठवताना 'कारण' या रकान्यात त्यांनी ते इमानदारीत टाइप केलं. बाकीचे लोक तिथे नुसतं टिंब टाकतात. त्या टिंब टाकणाऱ्यांना त्यांनी जन्मभर नावं ठेवली होती.

गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्या बातमीदार पोराच्या माथी हे पाप मारणं त्यांना सोसवेना. त्या बाहेर आल्या.

"त्याचा दोष नाही. मी लिहिलं होतं, बँकेत पैसे पाठवताना. त्यांनी तेच वाचलं असणार."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. रागवायचंही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

"मला मुलीला घेऊन आईकडे जायचंय," ती म्हणाली. "घरात रोख नाही. कार्डावर तिकीट काढलं, तर त्यांना कळेल?"

खोटं बोलावं असं कॅशियरबाईंना फार वाटलं.

"कळेल."

बाईनं मान हलवली. उठण्यासाठी उचललेली पर्स तिनं परत मांडीवर ठेवली आणि ती तिथेच बसून राहिली.