माझ्या मापाची बाई

मी डमी बोलतेय. शिंप्याच्या दुकानात जिच्या अंगावर ड्रेस चढवून ठेवतात, ती. तोंड शोधत बसू नका, मला डोकं कधी नव्हतंच. मानेवर लाकडी टोपण, खाली छाती, कंबर आणि त्याखाली लोखंडी दांडा, एवढाच माझा संसार. तरी मला दिसतं आणि ऐकूही येतं. जरा जास्तच ऐकू येतं.

मला एका मास्तरांनी बनवलं. त्यांचा एक गाळा होता. आत मशीन, कापायचं टेबल आणि रस्त्याच्या बाजूला मोठी काच. त्यांची बायको आजारपणात गेली. पुढच्याच महिन्यात मास्तरांनी खळ शिजवली, कागद फाडले आणि थरावर थर चिकटवत मला उभी केली. मध्येच डोळे मिटून आठवायचे, मग हाताने चाचपून आकार द्यायचे. वाळल्यावर वरून पांढरं कापड ताणून बसवलं. मग चार पावलं मागे जाऊन माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आलीस."

त्यांनी मला तिचा निळा ड्रेस घातला. तो मला कमरेत सैल झाला. मास्तरांनी मागून दोन टाचण्या लावून तो आवळला आणि तो विषय तिथेच संपला.

माझ्या पोटात आवाज आहेत हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. दुपारी मशीन थांबलं की ते सुरू व्हायचे. बायकांचे, दबके, एकात एक मिसळलेले. काखेत दाटतंय. माझा डावा खांदा उतरता आहे हो. मास्तर, जरा मोकळं ठेवा. या कोण, माझ्यात कशा आल्या, काही कळेना. आधी मी घाबरले. मग सवय झाली. आणि मग चक्क राग यायला लागला. माझ्या अंगावर सगळं इतकं सुरेख बसतंय, मग या आतून कुरकुर कसली करतात?

मी आल्यापासून मास्तरांनी गिऱ्हाइकाचं माप घेणं सोडून दिलं. माणसं फुगतात, वाकतात, म्हातारी होतात, ही मात्र आहे तशी राहते, असं ते येईल त्याला सांगायचे. ते माझ्या अंगावर कापड टाकायचे, माझ्याच अंगावर कच्चे टाके घालायचे. बायका येऊन ड्रेस घालून बघायच्या, इकडून ओढायच्या, तिकडून ताणायच्या आणि घडी करून टेबलावर ठेवून जायच्या. मास्तर म्हणायचे, हल्ली बायकांची अंगंच बेढब झालीत. आणि खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून बरं वाटायचं.

एका भर दुपारी मास्तर मशीनवर बसल्या बसल्या गेले. पाठ ताठ, दोन्ही हात कापडावर. बाहेरून एक बाई आत डोकावली, आम्हा दोघांकडे बघितलं आणि पुढे गेली. दुसरीने तर काचेतून हात हलवला. चार तास दुकानात दोन डमी होत्या आणि रस्त्याला फरक कळला नाही. त्यांची बहीण डबा घेऊन आली, तिने खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

त्या बहिणीची मुलगी, म्हणजे मास्तरांची भाची, माझी दुसरी मालकीण. कपड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं कॉलर शिवत होती. नुसत्या कॉलर. पूर्ण ड्रेस कसा दिसतो ते तिने दुकानांच्या काचेतच बघितलेलं. मामाचा गाळा रिकामा झाला तेव्हा तिने नोकरी सोडली. सुपरवायझर भला माणूस. म्हणाला, वर्षभर तुझी खुर्ची कुणाला देत नाही, जमलं नाही तर ये परत. त्या खुर्चीची तिला इतकी धास्ती होती की कुणी कॉलरवाला ड्रेस सांगितला तरी तिचा चेहरा पडायचा.

ती नवउद्योजकांच्या शिबिराला जाऊन आली होती. तिथली वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून तिने टाचणीने माझ्याच छातीवर टोचली. स्वतःवर विश्वास ठेव. जिद्द सोडू नको. मोठं स्वप्न बघ. वाक्यं चांगलीच होती, माझी काही तक्रार नव्हती. माझी कधीच तक्रार नसते, हीच तर माझी वाईट खोड.

पोरगी हुशार, हातात सफाई. पण मापं घेताना लाजायची. लोकांच्या अंगाला हात कसा लावायचा, काय विचारायचं, तिला सुचेना. कारखान्यात माणूस कुठे भेटतो? मग तीही माझ्याकडे वळली. माझ्या अंगावर ड्रेस शिवायचा, काचेत लावायचा आणि वाट बघायची. गिऱ्हाईक यायचं, घालायचं, हसून म्हणायचं, "बघते, घरी विचारून सांगते." ती त्यावर विश्वास ठेवायची. मग माझ्याकडे बघायची. मी अशी काही दिसायचे की तिला वाटायचं, चूक आपली नाहीच.

दिवाळं निघायची वेळ येते तेव्हा माणूस दोन गोष्टी करतो, एक तर शटर ओढतो नाही तर आपल्या मालावर आणखी प्रेम करायला लागतो. तिने दुसरी गोष्ट केली. शिवलेले ड्रेस ती स्वतःच घालून बघायला लागली. आरशात बघायची, मग माझ्याकडे. आईने दिलेल्या डब्यातली अर्धी भाकरी परत जायला लागली, मग पाऊण. तिची गालफडं आत गेली. दर आठवड्याला ती टेप आपल्या कमरेला लावायची आणि तोच टेप माझ्या कमरेला. अंतर दोन इंचांवर आलं, मग एका बोटावर. मी वाट बघत होते. कशाची, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आतल्या बायका मात्र त्या दिवसांत इतक्या जोरात बोलायच्या की मला वाटायचं, हिला ऐकू जाईल.

एकदा भाचीची आई दुकानात आली. मला प्रथमच कपड्याविना बघितलं तिने. "ही वहिनी नव्हे," ती म्हणाली. "वहिनीची कंबर इतकी बारीक कधी नव्हती." भाचीने डबा न उघडता परत दिला.

सुपरवायझरने दिलेलं वर्ष संपायला पाच आठवडे उरले होते तेव्हा समोरच्या दवाखान्यातली नर्स आली. पन्नाशीची, अंगाने भरलेली, बोलायला फटकळ. काचेतला ड्रेस तिने पडद्यामागे जाऊन घातला, बाहेर आली आणि दोन्ही हात वर करायला गेली. खांद्यापर्यंत आले आणि अडकले.

"हात वर होत नाही गं. मला दिवसभर सलाईनच्या बाटल्या टांगायच्या असतात."

"डमीवर तर छान बसलाय," भाची म्हणाली.

"मग डमीलाच विक."

माझ्या आतल्या बायका बोलता बोलता मध्येच थांबल्या, आणि त्यांची ती पहिलीच वेळ. नर्सला बहुतेक वाईट वाटलं. जाता जाता ती म्हणाली, तुझ्या मामाकडे आमच्या अख्ख्या दवाखान्याची मापं असायची, वह्या भरून. नुसती मापं नाही, आम्ही काय बोलायचो तेही लिहून घ्यायचा. त्या वह्या बघ जरा.

भाचीने गाळा उलथापालथा केला. टेबलाखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, मशीनचा खण उपसला. वही कुठेच नाही. दमून ती माझ्या पायाशी, म्हणजे दांड्यापाशी, बसली. तिथून तिला माझी खालची कड दिसली. पांढरं कापड एका जागी उसवलं होतं आणि आतल्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: मुंढा सतरा. मुंढा म्हणजे बाही जोडतात तो गोल. ते अक्षर मामाचं होतं.

तिने कड नखाने सोलली. खाली आणखी एक कागद, त्याखाली आणखी एक. मास्तरांनी मला त्या वह्या फाडून बनवलं होतं. ज्या बायका माझ्यात कुजबुजत होत्या त्या कुणी भुतंबितं नव्हत्या. ती गिऱ्हाइकं होती.

तिने कातर घेतली तेव्हा मी भ्याले. मला चिरून तिने घमेल्यात पाणी घेतलं आणि माझे तुकडे भिजत टाकले. खळ सुटली की एकेक कागद अलगद काढायचा, काचेवर चिकटवायचा, वाचायचा. पोस्टातली बाई: टपाल छाटते, कोपराला ढिलं. शिक्षिका: खडूचा हात, बाही आखूड. आणि एक तरुण नर्स: हात वर करून बघते, दोनदा सांगितलं, बगलेत पट्टी जोडणे. एकेक कागद वाचून झाला की माझ्यातला तेवढा आवाज बंद व्हायचा. मला हलकं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण आवाज संपल्यावर माझं काय उरणार ते मला माहीत नव्हतं.

शेवटी कमरेच्या सगळ्यात आतला कागद सुटला. त्यावर वर लिहिलं होतं: घरची. कंबर साडेतीस. म्हणते, सैल ठेवा, जेवल्यावर श्वास लागतो.

माझी कंबर अठ्ठावीस होती. भाचीने ती टेपवर शंभरदा बघितली होती. मला घडवताना मास्तरांनी बायकोचं माप नव्हतं घेतलं, आपल्या मनातलं घेतलं होतं. म्हणजे ज्या मापाचे कपडे या दुकानात इतकी वर्षं शिवले गेले, त्या मापाची बाई या जगात कधी नव्हतीच.

भाचीने तो कागद दोनदा वाचला. हात पुसले, आईचा डबा उघडला आणि खाली बसून सगळा संपवला. मग भाजीचा वाडगा बोटाने पुसला.

दुसऱ्या दिवसापासून कामाची पाळी बदलायच्या वेळी ती दवाखान्यासमोरच्या बाकावर बसायला लागली. बायका वाकतात कशा, खिशात काय कोंबतात, घाम कुठे येतो, बघायची आणि लिहायची. जुनी मापं कुणालाच लागू नव्हती, माणसं बदलली होती. पण काय विचारायचं ते तिला आता कळलं होतं. लाजत लाजत का होईना, ती विचारायला लागली. बगलेत पट्टी जोडलेला पहिला ड्रेस नर्सने घातला आणि दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले. तशीच उभी राहिली, हसत. आठवडाभरात अख्खा वॉर्ड माप द्यायला आला. भाचीने सुपरवायझरला निरोप धाडला की खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.

हे सगळं मी खिडकीतून बघितलं. माझा गळा तेवढा तिने भिजवला नाही, टोपणासकट खिडकीत ठेवलाय. दांड्यावर आता टेप आणि कोऱ्या चिठ्ठ्यांची चळत लटकते. शिबिराची वाक्यं तिने फेकली नाहीत, पण त्या चिठ्ठ्या उलटून ती त्यांच्या पाठीमागे मापं लिहिते.

तुम्हीही काही नवं सुरू करणार असाल. जरूर करा, आणि पोटभर जेवून करा. फक्त एक बघा. तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी असणार, कोपऱ्यात उभी. तुमचं सगळं तिच्यावर सुरेख बसेल. ती कधी हात वर करून बघणार नाही, कधी नको म्हणणार नाही, आणि तुम्ही हळूहळू तिच्या मापाचे होत जाल. तिच्याकडे पाठ करा आणि तोंड दाराकडे ठेवा.

आज दुपारी मशीन थांबलं तेव्हा माझ्या गळ्यात पुन्हा आवाज आला. मी दचकले, आतले सगळे कागद तर निघाले होते. नीट ऐकलं. तो माझाच होता. टोपण फार घट्ट बसवलंय हो मास्तरांनी, पहिल्या दिवसापासून टोचतंय.

माझी ही आयुष्यातली पहिली तक्रार आहे. तेवढी लिहून घ्या.