चोवीस कानांचं एकमत

सात ठोके पडले आणि हजारभर माणसांनी एकदम श्वास सोडला.

मातीच्या ओट्यावर कानबाबा पालथा पडला होता. एक कान जमिनीला, डोळे मिटलेले, तोंडाने काहीतरी पुटपुट चाललेली. आणि त्याच्या खालून, पाताळातून यावा तसा आवाज येत होता. ठक, ठक, ठक... मोजून सात.

दोन दिवसांपूर्वी खाणीचा बोगदा कोसळला तेव्हा आत सात माणसं होती. इथे एक जुना रिवाज आहे. आत अडकलेल्यांनी, जितके जिवंत असतील तितके ठोके खडकावर मारायचे, थांबायचं, पुन्हा मारायचे. मरणाच्या दारात बसलेला माणूससुद्धा हा आकडा खोटा वाजवत नाही. म्हणजे सातही जण जिवंत! बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कोणी बाबाच्या पायांवर लोळलं, कोणी त्याच्या पायाखालची माती पदरात बांधली.

"पाताळलहरी आहेत या!" बाबा उठून गरजला. "यंत्राला ऐकू येत नाहीत. त्याला आत्म्याचा कान लागतो. इथेच, या ओट्याशेजारी खणा. शंभर टक्के!"

पहिल्या रांगेत माझी ताई हात जोडून उभी होती. तिचा नवरा, म्हणजे माझे दाजी, त्या सातांतले एक.

आतल्यांपर्यंत भोक पाडायला बोअर मशीन एकच होतं. ते कुठे लावायचं, एवढाच प्रश्न होता आणि त्यावर सात जीव टांगलेले होते.

आता माझं काम सांगतो. मी जमिनीच्या आवाजांचा हिशेब करतो. सर्वेक्षणाच्या गाडीत माझा लॅपटॉप असतो आणि बाहेर जमिनीत ओळीने चोवीस सेन्सर खोचलेले असतात. आम्ही त्यांना कानच म्हणतो. खोलातला ठोका जवळच्या कानाला आधी पोचतो, लांबच्याला जरा उशिरा. आवाज खडकातून किती वेगाने चालतो ते धरून प्रत्येक कानाचा तो उशीर वजा करायचा. वेग आणि जागा बरोबर धरली, तर चोवीसही रेघा एका रांगेत येतात. चुकीची धरली, तर कोण कुठे, कोण कुठे. मग त्यांचं एकमत किती, हे मोजायचं. शून्य म्हणजे नुसता बाजार, एक म्हणजे सगळे एका सुरात.

त्या दिवशी सकाळी सात वाजता, बाबाची सभा भरण्याआधी, मी तासभर ऐकलं होतं. ओट्यापासून पश्चिमेला, दीडशे मीटरवर, गोंगाटात बुडालेलं काहीतरी सापडलं होतं. पाच ठोके. थांबा. पाच ठोके. पण एकमत निघालं फक्त शून्य पूर्णांक तीन. त्यामुळे मशीनची जागा ठरवणाऱ्या खाणीच्या साहेबांसमोर मी उभा राहिलो तेव्हा माझ्याकडे 'बहुतेक' होतं आणि बाबाकडे 'शंभर टक्के'.

"बहुतेक पश्चिमेला," मी म्हणालो. "आणि बहुतेक... पाच."

पाच हा शब्द कोणीतरी ऐकला आणि ठिणगी पडली.

"पाच? कोणते दोन मारलेस रे तू?" एक म्हातारा माझी कॉलर धरून किंचाळला. त्याचा मुलगा आत होता. "नाव सांग! सांग नाव!"

पाठीत लाथ बसली. गाडीची काच फुटली. पोरांनी केबल उपटल्या, माझे कान दगडांवर आपटले. मी डोकं झाकून खाली बसलो, तेव्हा समोर ओळखीची चप्पल दिसली. ताई होती. तिच्या हातात दगड होता.

"माझ्या नवऱ्याला मारतोस, धाकट्या?" ती म्हणाली. आणि तिने तो घातला.

ज्या हाताने मला भात भरवला, त्याच हाताने माझी भुवई फोडली. दुखलं नाही, असं म्हणणारा खोटं बोलतो. खूप दुखलं.

साहेबांनी जमावाकडे पाहिलं, माझ्या रक्ताकडे पाहिलं आणि मशीन बाबाच्या ओट्याशेजारी लावलं. माझा राग साहेबांवर आजही आहे. भित्र्या माणसाला लोक व्यवहारी म्हणतात, एवढंच.

नर्सबाई टाके घालत होत्या आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो.

"हलू नका हो. सुई डोळ्यात जाईल."

"बाई, भिंतीला तडे गेले तर आवाज कसा जातो?"

"मला काय विचारता? अडखळत जात असेल."

मी ताडकन उठलो. सुई लोंबकळत राहिली. मी वेग धरला होता जुन्या फाइलमधला, अखंड खडकाचा, सेकंदाला चार हजार मीटर. अरे, पण छप्पर कोसळलं होतं! वरचा सगळा खडक भेगाळला होता. अखंड खडकाचा वेग आता कुठून येणार? फाइल आहे म्हणजे बरोबरच असणार, ही माझी अंधश्रद्धा. तिला गंध-फुलं लागत नाहीत, एवढाच फरक.

मी वेग उतरवत नेला. तीन हजार, एकमत तसंच. दोन हजार, चढलं. पंधराशेला चोवीसही रेघा एका रांगेत आल्या. शून्य पूर्णांक आठ! खोली पंचेचाळीस मीटर. आणि ठोके स्वच्छ पाच.

मग बाबाचे सात ठोके काढले. केबल उपटण्याआधी तेही नोंदले गेले होते. खोलातून आले असते, तर ओट्याशेजारच्या कानात आणि साठ मीटरवरच्या कानात वेळेचा फारच थोडा फरक पडला असता. इथे लांबचा कान तब्बल एक पंचमांश सेकंद मागे होता. हा आवाज खालून वर आलाच नव्हता. जमिनीच्या कातडीवरून, मऊ मातीतून रांगत गेला होता. एकमत उत्तम होतं, पण कुठे? खोली जवळजवळ शून्य. जागा, बाबाच्या पोटाखाली.

मी धावत सुटलो. तोवर दुपारचे चार वाजले होते. बोअरवाल्याने मशीन बंद केलं होतं आणि तो तोंडावरची धूळ पुसत होता.

"सत्तर मीटर गेलो," तो बाबाला म्हणाला. "नुसता खडक. पोकळी कुठाय?"

"श्रद्धा कमी पडतेय," बाबा म्हणाला. "पाताळ सरकलं."

"पाताळ सरकलं, आणि ठोके अजून इथेच?" बोअरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. पट्टीतून रक्त येत होतं. "काय म्हणतोस रे?"

"फावडं दे."

बाबाचे दोन चेले आडवे आले. बोअरवाल्याने एकाच्या नडगीवर पाना हाणला, तो बसला. मी ओट्यात फावडं घातलं. दीड हातावर खण्ण वाजलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत बॅटरी, शाळेच्या विजेच्या घंटेची हातोडी, हातोडीपुढे लोखंडी पट्टी. डब्यातून निघालेली वायर मातीखालून बाबाच्या चटईपर्यंत गेलेली आणि चटईखाली बटण, बरोबर त्याच्या पायाच्या अंगठ्याशी. मी अंगठ्याने बटण दाबलं.

ठक.

मग जमाव बाबावर तुटून पडला. सकाळी ज्यांनी त्याच्या पायाखालची माती पदरात बांधली होती, त्यांनीच आता त्याच्या दाढीला धरून त्याला ओढलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. "मारा! जिवंत गाडा!" तो म्हातारा त्याच्या छातीवर नाचत होता. खरं सांगू? पहिल्या दोन लाथांना मला बरं वाटलं.

मी पश्चिमेकडे पळालो. शाबूत उरलेले अकरा कान पुन्हा खोचले आणि स्क्रीन पाहिली. नुसती काळी दाटी. हजार माणसांच्या पायांची धडधड.

"थांबा!" मी ओरडलो. "तुमच्या लाथा ऐकू येताहेत! खालचं काहीच ऐकू येत नाही! थांबा रे!"

कोणी ऐकेना. तेव्हा ताई पुढे झाली. घोळक्यात घुसली, ढकलत, बोचकारत, आणि रक्ताने माखलेल्या बाबावर आडवी पडली.

"याला मारून माझा माणूस वर येणार आहे का?" ती किंचाळली. "माझा भाऊ ऐकतोय. गप्प बसा! एकूण एक जण गप्प बसा!"

हजार माणसं जागच्या जागी खाली बसली. इतकी शांतता मी त्या खाणीवर कधीच ऐकली नव्हती.

अकरा रेघा हळूहळू रांगेत आल्या. मी मोजले. पुन्हा मोजले.

चार.

बोअरवाल्याने मशीन पश्चिमेला आणलं आणि अडीच तासांत पंचेचाळीस मीटर खाली जाऊन पोकळी गाठली. नळीतून पाणी गेलं, पट्ट्या गेल्या, औषधं गेली. भोक रुंद करायला आणखी एक दिवस लागला आणि पिंजऱ्यातून चौघं वर आले. त्यांच्यामागून तिघं, चादरीत. म्हाताऱ्याचा मुलगा आणि आणखी एक जण छप्पर पडलं तेव्हाच गेले होते.

चादरीतले तिसरे, दाजी.

वर आलेला मुकादम ताईसमोर बसला. त्याला मान वर करवेना. "पाय चिरडला होता, वहिनी. रक्त थांबेना. काल दुपारपर्यंत स्वतःचा ठोका स्वतःच मारत होता."

ताई माझ्याकडे वळली.

"धाकट्या, काल सकाळी पाच होते ना?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. नीट ऐकू आलं नव्हतं, ताई, एवढंच म्हणायचं होतं. पण असंच एक गोड खोटं ओट्याखालच्या डब्यात निघालं होतं.

"हो, ताई. पाच होते."

"मशीन सकाळीच तिथे लावलं असतं तर?"

"पट्ट्या वेळेत पोचल्या असत्या. वाचलेच असते का, ते मला मोजता येत नाही."

तिने माझ्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "मला सात हवे होते रे," ती म्हणाली.

बाबा आज तुरुंगात आहे, मोडका हात गळ्यात बांधून. उद्या दुसरा येईल, नवा डबा घेऊन. म्हणून लोकहो, एकच मागणं आहे. जो तुम्हाला हवा तोच आकडा सांगतो, त्याच्या ओट्याखाली आधी फावडं घाला. माझ्याही घाला, माझी फाइलसुद्धा चुकली होती. आणि हे मारायला उठण्याआधी करा. त्या दिवशी हजार माणसांचंही एकमत होतं, पण ते कोणी मोजून पाहिलं नव्हतं. तोवर खाली एक माणूस आपला ठोका मारत होता.