रोझलिन हसली की

“तू आत गेलीस, तर मी इथेच गाडीत बसून राहीन,” डेनिस म्हणाली.

“बस की. काच तेवढी खाली ठेव. बरबँकच्या या उन्हात कुत्रीसुद्धा गाडीत ठेवत नाहीत,” रोझलिन लेकीला म्हणाली आणि माझ्या खांद्याला धरून खाली उतरली. “मर्व, पुतळ्यासारखा उभा काय राहतोस, हात दे.”

रोझलिन आणि मी पगारी हसणारे. इथल्या स्टुडिओंत विनोदी मालिकांचं चित्रण प्रेक्षकांसमोर होतं, त्यांचा हशाही त्यातच मुद्रित होतो, आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या की स्टुडिओवाले आम्हाला बोलावतात. मी टपालखात्यातून निवृत्त झालेला. माझं हसणं किरकोळीतलं, गर्दीत खपून जाणारं. रोझलिनचा मात्र घाऊक व्यापार. आधी पोटात गुरगुर, मग एक फुटका फवारा, की मागोमाग अख्खा हॉल. सुरुवात कुणी केली हे कुणाला कळायचं नाही. शाळेच्या कँटीनमध्ये जन्मभर बटाटे वाढलेल्या बाईची एवढी एकच मिजास होती.

यंदा तिचा कॅन्सर यकृतात उतरला आणि डॉक्टरांनी औषधं थांबवली. आजची मालिका होती कॅन्सर झालेल्या एका बाईवरची. विनोदी.

शेवटी डेनिस आलीच, पाय आपटत. “लाज नाही वाटत यांना? माणसं मरतायत आणि हे त्याच्यावर हशा लावतात. आणि तो पुरवायला तू निघालीस!”

“त्यांच्या लाजेचं ते बघतील. तू शेवटची कधी हसलीस ते सांग.”

“हसण्यासारखं आहे काय, मॉम?”

डेनिस तिकीट दाखवायला पुढे गेली तशी रोझलिन मला म्हणाली, “बघितलंस? घरात चर्चमध्ये असल्यासारखी वावरते. कपाटाचं दारसुद्धा वाजवत नाही. माझं बाकी सगळं उरकलंय, मर्व. हिला एकदा हसताना ऐकायचंय. तेवढ्यासाठी आणलीय तिला.”

चित्रणाआधी प्रेक्षकांना हसवून तापवायला स्कॉटी नावाचा एक बडबड्या असतो. त्याने रोझलिनचं केस गेलेलं डोकं पाहिलं आणि आम्हा तिघांना थेट पहिल्या रांगेत बसवलं. तिथेच घोटाळा झाला.

पहिला विनोद आला आणि हॉल गप्प. मला मानेवर वारं आल्यासारखं झालं. मागे पाहिलं, तर सगळ्यांच्या नजरा रोझलिनवर. ती हसली. मग सगळे हसले, सुटल्यासारखे. दुसऱ्या विनोदाला तेच. तिसऱ्याला तेच. स्कॉटी खूश होऊन तिला अंगठा दाखवत होता.

रोझलिनचा चेहरा उतरला. “पूर्वी माझ्याबरोबर हसायचे. आता मला विचारून हसतात. मी काय पोलीस आहे?”

“सांगितलं होतं मी,” डेनिस म्हणाली. “चल घरी.”

“एवढा एक प्रसंग.”

प्रसंगात मालिकेतली बाई फ्रीझर उघडते. आत शेजाऱ्यांनी आणलेली काचेची भांडी खच्चून भरलेली. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की गल्ली नूडल्स-चीज भाजून आणते, आणि भांडं परत यावं म्हणून बुडाला नावाची चिकटपट्टी लावते. रोझलिनचा फ्रीझर तसाच होता. डेनिस कित्येक आठवडे सकाळ-संध्याकाळ ट्यूना-नूडल्स गिळत होती.

बाईने भांड्यांकडे पाहिलं, मग वर पाहिलं. “देवा, मी बरी झाले तर ही सगळी घासून घरोघर द्यावी लागतील. काय ते तू ठरव, पण भांड्यांचाही विचार कर.”

माना वळल्या. रोझलिन हसली नाही. ओठ दाबून डोळ्याच्या कोपऱ्यातून लेकीकडे बघत राहिली.

डेनिसच्या नाकातून डुकरासारखा आवाज आला. तिने हाताने तोंड दाबलं. आवाज पुन्हा आला, आणि हॉल फुटला. कुणाला न विचारता.

रोझलिनने डोळे मिटून घेतले होते.

पण प्रकाशयोजना चुकली होती. दिग्दर्शक म्हणाला, पुन्हा घेऊ, हशा तसाच हवा. बाईने पुन्हा फ्रीझर उघडला, तेच वाक्य म्हटलं. डेनिस हसायला लागली आणि मध्येच ते हसणं रडणं झालं. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. आमच्या डोक्यावर माइक लोंबत होते.

तेव्हा रोझलिन हसली. छातीत दम नव्हता, खुर्चीचा हात धरून अर्धी उठली होती. लेकीच्या रडण्यावर तिने आपलं हसणं पांघरलं, आणि हॉल तिच्यामागे आला. तो थांबायला लागला की ती नव्याने सुरू करायची. डेनिसचं रडणं सरेपर्यंत तिने हॉलला थांबू दिलं नाही. मालिकेतली बाई फ्रीझरचं दार धरून ताटकळत राहिली.

“मॅडम, कमाल केलीत!” स्कॉटी नंतर म्हणाला. रोझलिनला बोलता येत नव्हतं. आम्ही दोघांनी धरून तिला गाडीत बसवलं.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा रोझलिन नव्हती. मी आणि डेनिसने तिच्या स्वयंपाकघरात पाहिला. हशा ऐकू आला. रडणं कुठेच नव्हतं.

“लिहिणाऱ्यांच्या घरी कुणी मेलं नसणार,” डेनिस म्हणाली.

“मग त्यांना फ्रीझरचं कळलं कसं?”

“तू गप्प बस, मर्व.” तिने टीव्ही बंद केला.

यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

मग आम्ही परत द्यायची भांडी पुसायला घेतली. डेनिस भांडं पालथं करून नाव वाचायची, मी खोक्यात ठेवायचो. शेवटच्या भांड्यापाशी ती थबकली. चिकटपट्टी जुनाट होती आणि अक्षर तिच्या आईचं. कधीतरी कुणा आजारी शेजाऱ्याकडे गेलेलं भांडं फिरून घरी आलं होतं. वर लिहिलं होतं: ‘रोझलिनचं आहे. जगा नाहीतर मरा, भांडं परत करा.’

डेनिसच्या नाकातून तोच आवाज आला.

मलाही हसू येत होतं. पण हसण्याआधी, सवयीने, मी खिडकीजवळच्या रोझलिनच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.